आग झिंगवणारी तुळसावयनी

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा काजरकोंडाला गाडीरस्ता नव्हता आणि घाटावरचे व्यापारी बैल घेऊन डोंगर उतरायचे. ते कशासाठी यायचे? किनळेकरांच्या काजूच्या दारूसाठी. मातीचे बुधले, त्यांच्या गळ्यावर काजूच्या दोन पानांचा ठसा. तो ठसा दिसला की दूरच्या बाजारातही माणसं नाक पुढे करायची, असं म्हणतात.

भट्टी तुळसाच्या सासऱ्यांनी उभारली आणि त्यांच्या थोरल्या मुलाने वाढवली. तो तापाने गेला तेव्हा त्याची बायको तुळसा ऐन तरुण होती. गावाला वाटलं, आता भट्टी थंडावणार. पण पदर खोचून तुळसाच चुलीपुढे बसली. तिचं नाक असं होतं की काजूच्या झाडाखाली उभी राहून ती सांगायची, ह्या फळांचा, ह्या बोंडूंचा रस उद्या गोड लागेल, त्यांचा परवा. धाकटा दीर भिवा मात्र कुरकुरायचा. बाईमाणसाच्या हाती भट्टी टिकत नाही, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. त्यातच मोहर करपला, एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. शेवटी भिवाने सांगून टाकलं, हाही मोसम वाया गेला तर दारू गाळायचं तांब्याचं भांडं मोडीत घालायचं. ते भांडं सासऱ्यांनी डोक्यावरून घाट उतरवून आणलं होतं.

आणि त्या वर्षी काजू असा धरला की फांद्या जमिनीला टेकल्या. सगळा गाव बोंडू वेचायला लोटला. दगडी कुंडात बोंडू तुडवले, रस गाळला, रांजण भरले. रांजण संपले तेव्हा बायकांनी घरचे हंडे आणून दिले. रस आंबायला लागला, त्याला फेस आला, भट्टीच्या छपरीत, म्हणजे मांगरात, पाऊल टाकलं की डोकं हलकं व्हायचं. दोन दिवसांनी भट्टी पेटायची होती. तुळसाने कितीतरी वर्षांनी केसांत अबोली माळली.

त्याच दुपारी डोंगरावरचं वाळलं गवत पेटलं. कसं पेटलं ते कुणालाच कळलं नाही. वारा गावाकडे होता. घरं सगळी गवताने शाकारलेली, चैत्राचे दिवस, विहिरींचे तळ उघडे पडलेले. ओहोळ तर केव्हाच आटला होता. माणसांनी पोरं काखेत घेतली, गुरांची दावी सोडली. वरच्या अंगाची पहिली दोन घरं धडधडायला लागली.

तुळसा मांगराच्या दारात उभी होती. मागे रांजण, पुढे आग. सासऱ्यांचं नाव, नवऱ्याचे कष्ट, सगळं त्या रांजणांत होतं. मग तिने घागर उचलली आणि रसात बुडवली.

भिवाने तिचा हात धरला. "वयनी, दारू ओतलंस तर भडको उडात."

"दारू होवची हा अजून," ती म्हणाली. "हो नुसतो रस. तो फुडल्या वर्षी परत येतलो. घरां जळली तर माणसां खय जातली? सोड हात."

भिवाने हात सोडला. नुसता सोडला नाही, दुसरी घागर त्यानेच भरली.

पळणारी माणसं थांबली, वळली. मांगरापासून वरच्या घरांपर्यंत रांग लागली आणि घागरी हातोहात चढू लागल्या. छपरं भिजली, कूड भिजले, अंगणं भिजली. आणि मग जे झालं ते आजही सांगतात. रांजणात घागर बुडायची, भरून निघायची, पण रस तसूभर खाली जायचा नाही. आणि आग? आग रस प्यायली. आधी डुलायला लागली, मग तिचे पाय लटपटले, आणि शेवटी भिजल्या घरांना न शिवता किनळेकरांच्या कुंपणाशी येऊन ती आडवी झाली, ती झोपलीच. त्या संध्याकाळी समुद्रावरच्या होड्यांपर्यंत गोड वास गेला, आणि नाखवे विचारत राहिले की आज लग्न कुणाकडे आहे.

आग झोपली त्या घटकेला सगळे रांजण कोरडे ठणठणीत झाले.

पुढच्या वर्षी जळक्या डोंगरावरच्या काळ्या खोडांना पालवी फुटली. त्यांना बोंडू आले ते माणकांसारखे लाल. कुणाला बोलवावं लागलं नाही, घराघरांतून टोपल्या भट्टीकडे आल्या. भिवाने तांब्याचं भांडं घासून लखलखीत केलं, स्वतः चुलीवर चढवलं, विस्तव तिच्यापुढे केला आणि भरल्या गावासमोर म्हणाला, "वयनी, इस्तो तूच घाल." त्या मोसमातल्या दारूसाठी व्यापाऱ्यांचे बैल घाटाच्या माथ्यापर्यंत उभे होते, असं म्हणतात. तुळसावयनी पांढऱ्या केसांची होईपर्यंत भट्टी चालवत राहिली.

आता भट्टी नाही. किनळेकरांची पतवंडं काजूगर विकतात. मांगर मात्र त्यांनी तसाच राखलाय. धुराने काळवंडलेलं ते भांडं, दोन पानांचा लाकडी ठसा, फुटके बुधले, सगळं तिथे मांडून ठेवलंय. कुणी बघायला आलं तर घरची म्हातारी माणसं आधी पाणी देतात, मग गोष्ट सांगतात.

आणि दर मोसमात पहिला रस निघाला की तो कुणी चाखत नाही. गावात नुकतीच आलेली सून घागर कमरेवर घेते आणि वरच्या घरापासून सुरुवात करून प्रत्येक उंबऱ्यावर ओंजळभर रस शिंपडते. दारूचं नाव न काढणारी घरंसुद्धा त्या दिवशी दार सताड उघडं ठेवतात. जाताना ती एवढंच म्हणते, "तुळसावयनीन सांगल्यान हा, सुखात ऱ्हवा." काजरकोंडात त्यानंतर एकही घर जळालेलं नाही.