ठकूबाईचा विस्तव

डोंगराच्या पोटात मोरदरा नावाचं गाव आहे. काडेपेटी अजून तिथला घाट चढली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. घरची चूल विझली, तर शेजाऱ्याच्या चुलीतून गोवरीवर विस्तव मागून आणायचा, अशी तेव्हा रीत होती.

त्या गावात ठकूबाई राहायची. पटकीच्या साथीत तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं एका आठवड्यात गेली. सुतक फिटलं, शेजारून येणारं जेवण थांबलं, तरी तिनं चूल पेटवली नाही. भिजवलेले हरभरे चावायची, तेही आठवलं तर. ही आता फार दिवस काढत नाही, असं गाव म्हणायचं.

शेजारची आंधळी हौसाआत्या तेवढी रोज सकाळी गोवरी घेऊन दारात यायची.

"ठके, विस्तव दे गं."

"चूल थंड आहे, आत्या."

"बरं. उद्या येते."

बायका हसायच्या. "आत्या, तिथं काय राख मागतेस? आमच्याकडं ये की!" पण आत्या दुसरीकडं जायची नाही. गार पाण्यात पीठ कालवून प्यायची. असे चाळीस दिवस गेले, असं म्हणतात.

एकेचाळिसाव्या दिवशी आत्याला उंबऱ्यापाशी उभंही राहवेना. ठकूबाई चिडली. "म्हातारे, मरशील अशानं! दुसऱ्या दारी माग."

"दुसऱ्या दारी मागायला तू अजून मेली नाहीस."

ठकूबाईनं तिच्या हातातली गोवरी घेतली, खालच्या आळीतून विस्तव मागून आणला आणि चूल पेटवली. आत्याला पेज रांधून दिली. उद्या ही पुन्हा येणार, म्हणून निखारा राखेत पुरून ठेवला. तेवढ्यासाठी ती रोज उठू लागली.

मग एका साली नऊ दिवस पाऊस थांबला नाही. चुलींत पाणी शिरलं, चकमकीची ठिणगी ओल्या कापसावर मरू लागली. साऱ्या गावात एकच निखारा जिता होता, ठकूबाईच्या राखेत. त्यातून सव्वाशे चुली पेटल्या, तरी तो तीळभर झिजला नाही, असं म्हणतात. ज्यांना उठवत नव्हतं, त्यांच्याकडं ती ओंजळीत विस्तव घेऊन गेली. पावसाचे थेंब ओंजळीवर येऊन बाजूला वळायचे, आणि तळहाताला फोडही आला नाही, असं म्हणतात.

तिचं दुःख गेलं, असं मात्र कुणी म्हणत नाही.

आता मोरदऱ्यात घरोघरी गॅस आहे. तरी कुणाकडं सुतक फिटलं, की शेजारीण त्याच घरी ठकूबाईच्या नावानं विस्तव मागायला जाते. नाही म्हटलं तर राग धरत नाही, जात राहते. मागच्या साली एका घरी सदतीस दिवस जावं लागलं. अडतिसाव्या सकाळी त्या घरची जुनी चूल पेटली, कौलांतून धूर निघाला. शेजारीण गोवरी मांडीवर ठेवून अंगणातच बसली, आतून हाक येईपर्यंत.