चिमी जायला तयार नाही

फार जुनी गोष्ट. एका हत्तीच्या आतड्यात पेशींची वस्ती होती. थकलेली पेशी "येते हं" म्हणून निघून जायची आणि तिच्या जागी एकच नवी यायची.

चिमी नावाच्या पेशीवर जायची पाळी आली तेव्हा ती हटून बसली. "मी कुठ्ठं जायची नाही," म्हणाली आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार झाली. शेजारणींच्या वाट्याचं रक्तही तिने स्वतःकडे वळवलं.

गस्तीवरच्या पांढऱ्या पेशीने हटकलं, तर चिमी लाडात म्हणाली, "मावशी, घरचीच ना मी." चेहरा ओळखीचा दिसला, मावशी पुढे गेली.

मग रक्तातून वाहत चिमीच्या लेकी यकृतात, फुप्फुसात जाऊन बसल्या.

"आता अख्खा हत्ती आपला," चिमी म्हणाली.

तेवढ्यात हत्ती कोसळला. "येते हं" म्हणायलाही चिमीला सवड मिळाली नाही.