फांदी लागली, इतकंच

एकदा एका डोंगराखालच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत होते. विव्हळणाऱ्या रोग्याची त्यांना भीती वाटत नसे. तळपायाला टाचणी टोचूनही जो शांत बसे, त्याच्यापाशी मात्र ते चिंतातुर होऊन बराच वेळ थांबत.

दर बाजारच्या दिवशी एक स्त्री त्यांच्याकडे मध घेऊन येई. तिचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडून आले होते. काळाभोर वर्ण आणि दाट कुरळे केस तिला त्यांच्याकडूनच मिळाले होते. बाकी ती इतरांइतकीच त्या गावची होती. मध उतरवून घेण्याचे काम वैद्यांच्या शिष्याकडे होते, त्यामुळे तिचे बोलणेही त्याच्याच वाट्याला येई.

"दादा, बांगडीवाल्याकडे गेले होते," ती एकदा म्हणाली. "सगळ्या बायकांच्या हातात तो स्वतः बांगड्या भरतो. माझ्या पुढ्यात नुसत्या ठेवल्या नि म्हणाला, घरी जाऊन भरा."

"गर्दी असेल हो, मावशी."

"मी एकटीच होते."

पुढच्या खेपेस ती म्हणाली, "देवळाबाहेर एका पोराने माझे केस ओढून पाहिले. खरे आहेत का म्हणून."

"लहान मूल ते. त्याला काय कळतंय?"

"त्याची आई हसत होती. ती लहान नव्हती."

"तुम्ही फार मनाला लावून घेता," शिष्य म्हणाला. तसा तो स्वभावाने चांगला. कुणाबद्दल वाईट ऐकणे त्याला सोसत नसे, म्हणून तो गावाची बाजू घेई. आणि आपण तिची समजूत काढली, असे त्याला मनापासून वाटे.

तिसऱ्या खेपेस ती पदर कपाळावर ओढून आली. भुवईवर खोक पडली होती.

"हे काय झालं?" शिष्याने विचारले.

"काही नाही. झाडाची फांदी लागली, इतकंच."

शिष्याला हायसे वाटले. वैद्यांनी जखम धुतली, आतली वाळू कणाकणाने काढली, लेप लावला. विचारले मात्र काहीच नाही. ती गेल्यावर ते शिष्याला म्हणाले, "पाय पुढे कर."

त्याने केला. वैद्यांनी त्याच्या तळपायाला टाचणी टोचली.

"आई गं... गुरुजी, मला काय झालंय?"

"तेच पाहत होतो," वैद्य म्हणाले. "अरे, फांदीला वाळू नसते. तिला कुणीतरी धोंडा मारला."

"मग तिने खोटं का सांगितलं?"

"आधी दोनदा खरंच सांगितलं होतं ना? दोन्ही वेळा तू तिला कारण पुरवलंस. या वेळी ती कारण घरूनच घेऊन आली. तुझे तेवढे श्रम वाचवले. तिचं दुखणं थांबलेलं नाही बाळा, ते आपल्याला सांगणं थांबलं आहे. टोचतं तिला, आणि जाणीव नाही ती मात्र तुला. म्हणून तुझा पाय तपासला."

शिष्याने लेपाची वाटी धुऊन ठेवली. मग म्हणाला, "मी तिला विचारू?"

"विचार. पण तिने सांगितलंच पाहिजे, असं समजू नकोस."

पुढच्या बाजारी त्याने तिच्यासाठी पाट मांडून ठेवला. ती आली. तिने मधाचे भांडे खाली ठेवले, तेव्हा त्याचे लक्ष प्रथमच तिच्या हातांकडे गेले. मनगटावर एकही बांगडी नव्हती.

"मावशी, त्या दिवशी फांदी नव्हती ना?"

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "जखम भरत आलीय, दादा," ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच निघून गेली.

शिष्याने तिला हाक मारली नाही. पाटही उचलला नाही.

आपल्याकडे असलं काही होत नाही हो, असे आपण म्हणतो. म्हणण्यापूर्वी, असले काही आपल्याला शेवटचे कुणी सांगितले होते आणि त्यावर आपण काय उत्तर दिले होते, ते एकदा आठवून पाहावे.