घरट्यासमोरची पानं

कॅमेऱ्यांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या जाळीत बुलबुलीण दोन पिल्लांना ऊब देत बसली होती. स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवणारा एक माणूस कॅमेरा घेऊन आला आणि घरट्यासमोरच्या फांद्या कात्रीने कापू लागला.

"अरे, माझी भिंत आहे ती!" बुलबुलीण किंचाळली.

"दोन मिनिटं गप्प बस गं," कॅमेरा म्हणाला. "पानं मध्ये येतात. तुझं कौतुकच करतोय आम्ही."

"कौतुक? माझी पिल्लं उघड्यावर पाडलीत तुम्ही!"

फोटो सुंदर आला. माणूस खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, तर घरटं रिकामं. फांदीवर चोच पुसत बसलेला कावळा कॅमेऱ्याला म्हणाला, "उपकार झाले, दादा! आठ दिवस शोधत होतो. पानंच मध्ये येत होती."