तिसऱ्या आग्रहाचा नियम

माणसाच्या वागण्याचे नियम माझ्याइतके पंचक्रोशीत कुणी शोधले नाहीत. चौथीत दोनदा बसलो म्हणून लिहून ठेवायचे तेवढे राहिले. त्यातला अव्वल नियम असा: पाहुण्याचं पहिलं 'नको' खोटं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की ताट पुढं येतंच. शेजारच्या इंदूवहिनींना तो मी वर्षभर ऐकवला.

परवा त्यांची म्हैस व्याली. खरवसाची शेवटची वडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "भावजी, वाढू?"

तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी मी ऐटीत म्हणालो, "नको."

वहिनींनी वडी सरळ स्वतःच्या तोंडात टाकली.

"अहो, तीनदा विचारायचं असतं!" मी ओरडलो.

"विचारणार की! दुसऱ्यांदा म्हशीच्या पुढच्या वेताला, तिसऱ्यांदा त्याच्या पुढच्या. तुमच्या नियमात घाई कुठं सांगितलीय?"