मधल्या खोलीतली टिक

"पण ही टिक आली कुणाकडून, बाई? माझ्याकडून की प्रल्हादकडून?"

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं. लेले बाई चहा पीत राहिल्या. बाहेर घाटात भर दुपारचं ऊन होतं, पण खिडकीला जाड काळे पडदे होते. आतल्या यंत्राला उजेड खपत नसे; एक मंद दिवा तेवढा जळत होता.

घाटाच्या अल्याड एक हिरा, पल्याड एक. दोन्ही बर्फाहून कितीतरी गार करून ठेवलेले. प्रत्येकात एक अणू जागेवर नाही. त्या रिकाम्या जागेतून प्रकाशाचा कण निघायचा आणि तारेतून या मधल्या खोलीत यायचा. इथलं यंत्र तो टिपून 'टिक' असा आवाज करायचं. तो कण कुठल्या हिऱ्याचा, हे कळायला काहीच मार्ग नसला, तरच दोन्ही हिरे एकमेकांशी जोडले जायचे.

टिक होत होती. हिरे काही जुळत नव्हते.

अल्याडचा हिरा हेरंबचा; पल्याडचा प्रल्हाद सांभाळायचा. हेरंबचा गुरुबंधू; दोघेही लेले बाईंचे विद्यार्थी. लहानपणी कडबा कापताना त्याची उजवी करंगळी गेली होती. गेल्या आठवड्यात तो स्वतःच गेला. त्याने लावून दिलेलं यंत्र अजून आपलं आपण चालू होतं. संध्याकाळी तेही बंद होणार होतं, कायमचं.

"तू तुझ्या प्रकाशाचा रंग हलवलायस," बाई म्हणाल्या.

हेरंबचा चेहरा पडला.

"किंचितच, बाई. रंगावरून कुणाचे कण जास्त पोचतात, तेवढं दिसावं म्हणून... उद्या श्रेयावरून वाद नकोत."

"प्रल्हादला वाईट वाटलं त्याचं."

"त्याला कुठे माहीत होतं?"

"त्यानेच सांगितलं मला."

"कधी?"

बाईंनी कप विसळून पालथा घातला.

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका हुशार माणूस, पण अक्कल यायला मित्र जावा लागला. त्याने संगणक उघडला, आपला रंग पूर्ववत केला आणि संगणक मिटला. आता कुठला कण कुणाचा, हे त्यालाही कळणार नव्हतं.

"दिवा घालव," बाई म्हणाल्या. "आणि हात पुढे कर."

काळोखात स्वतःचा हातही दिसेना. बराच वेळ काहीच झालं नाही...

टिक.

हेरंबच्या हातात कुणीतरी हात दिला. घट्ट. त्याला एकदम रडू आलं.

"बाई, किती गार पडलाय हो तुमचा हात."

"मी दाराशी आहे." आवाज खरंच दाराकडून आला.

हेरंबला हात सोडवेना. मग त्याचा अंगठा हळूच त्या बोटांवरून सरकू लागला. एक... दोन...

"मोजू नकोस, हेरंब," बाई दाराशीच म्हणाल्या. " मोजलंस की सुटेल."