कडेचा बैल

ज्यांनी लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनला कधी हात लावलेला नसतो, तीच माणसं त्याचा वेग वाढवायचा हुकूम सगळ्यात मोठ्या आवाजात देतात. दरवाजांच्या कारखान्याचे मालक भानुदासराव जाचक त्यातलेच. फोरमन सुमती ढेकणे यांनी मशीनला मुठीएवढा रुंद कटर लावला आणि वेगाचा खटका सहावरून दोनवर आणला, तसे ते गरजले, "सकाळी बारीक कटर सहावर चालला. मशीन तेच आहे ना? वाढवा वेग, नाहीतर घरी जा!"

मशीनसमोर कामगार यासीन उभा होता. कटर फुटला असता तर तुकडे त्याच्याच तोंडावर उडाले असते. सुमतीबाईंनी खटक्यावरचा हात काढला नाही.

"साहेब, तुमची बैलं पंचक्रोशीत नावाजलेली. मळणीला खांबाजवळ कोणता बांधता?"

"म्हातारा. तिथं चाल कमी."

"आणि कडेला?"

"तरणा. कडेच्याला पळावं लागतं, बाई!"

"पण फेऱ्या दोघांच्या सारख्याच?"

"सारख्याच. एका दाव्यात असतात ना."

"कडेच्याला झेपेना झालं, तर?"

"सगळेच सावकाश हाकायचे. नाहीतर दावं तोडून तो माणसांत घुसेल!"

"बारीक कटरची धार खांबाजवळ फिरते साहेब, रुंद कटरची कडेला. मी सावकाश हाकतेय."

जाचकांनी कटरकडे पाहिलं, मग यासीनकडे.

"दोनवरच राहू द्या," ते म्हणाले, आणि यासीनला तिथंच ठेवून स्वतः दारापर्यंत मागे सरकले.